बारावीनंतर मुलींनी खेळायचं कुठे? महिला हँडबॉल क्लबांचा इतिहास आणि कोल्हापूर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतले क्रीडाशिक्षक विचारतात: "आमच्या मुलींचा हँडबॉल संघ शालेय स्पर्धांत विभागापर्यंत जातो. पण बारावी झाली की सगळ्या खेळ सोडतात. त्यांच्यासाठी कोल्हापुरात महिलांचा क्लब काढायचा विचार आहे. ऑस्ट्रियातला हायपो नावाचा क्लब आठ वेळा युरोपचा विजेता झाला असं वाचलं. असे क्लब उभे कसे राहिले? त्यातलं आपल्याकडे काय चालेल, आणि सुरुवात कुठून करावी?"

सर, मी शाळा-कॉलेजात हा खेळ खेळले आणि पुढची सगळी वर्षं कोल्हापूर-सांगली भागात मुलींना तो शिकवण्यात गेली. तुमच्या प्रश्नातलं "बारावी झाली की सगळ्या खेळ सोडतात" हे वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कुठल्याही महिला क्लबाचा इतिहास वाचताना चषक जरा बाजूला ठेवा आणि एवढंच बघा, की अठरा वर्षांची झालेली मुलगी तिथे कशाच्या आधारावर थांबली? पगार होता, नोकरी होती, शिक्षण होतं, की एखाद्या माणसाचा शब्द होता? ज्या आधारावर ती थांबली तो गेला, की क्लबही गेला. हे मी तीन-चार क्लबांच्या गोष्टींतून सांगते.

त्याआधी एक गोष्ट, जी पालकसभेत जरूर सांगा. आजच्या हँडबॉलचा एक महत्त्वाचा उगम मुलींसाठी तयार केलेल्या खेळात आहे. डेन्मार्कमध्ये होल्गर नील्सन या शिक्षकाने शाळेतल्या मुलांसाठी असा एक खेळ आधीच बसवला होता आणि १९०६ साली त्याचे नियम छापले होते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात, २९ ऑक्टोबर १९१७ रोजी, बर्लिनमध्ये माक्स हायझर यांनी नियम बांधून दिले ते खास महिलांसाठी, त्यांना अंगाला अंग न भिडवता खेळता यावं म्हणून. दोन वर्षांनी कार्ल शेलेंझ यांनी त्यात बदल करून तो पुरुषांसाठी जोरकस केला. त्याच १९१७ साली इकडे शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. "हा मुलांचा खेळ, आमची पोरगी कशाला?" असं विचारणाऱ्या बापाला या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या की तो ऐकून घेतो, हा माझा अनुभव आहे. मात्र ऑलिम्पिकचं दार महिलांना उशिराच उघडलं. सात जणांचा, हॉलमधला हँडबॉल पुरुषांसाठी १९७२ मध्ये म्युनिकला आला आणि महिलांसाठी १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला.

ते १९७६ चं सुवर्णपदक सोव्हिएत संघाने जिंकलं आणि त्यामागे मुख्यतः एकच क्लब होता: आज युक्रेनमध्ये असलेल्या कीव शहरातला स्पार्ताक कीव. इगोर तुर्चिन या प्रशिक्षकाने कीवमधल्या शाळकरी मुली हाताशी धरून तो संघ घडवला. म्हणजे सुरुवात अगदी तुमच्यासारखीच. १९७० ते १९८८ या काळात हा क्लब १३ वेळा युरोपचा विजेता झाला. हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. सोव्हिएत संघाने १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली, त्यांतही कीवच्या मुलींचा भरणा होता. यातली झिनाइदा तुर्चिना ही खेळाडू मला सर्वांत मोलाची वाटते. तिचं लग्न खुद्द प्रशिक्षकाशी झालं, तिला मुलं झाली, तरी ती खेळत राहिली आणि १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी कांस्यपदक घेऊन परतली. आपल्याकडे लग्न ठरलं की जर्सी धुऊन परत करतात. म्हणून मी तुर्चिनाची गोष्ट प्रत्येक नव्या तुकडीला सांगते.

तुर्चिनाला खेळात टिकून राहता आलं, कारण मागे सरकार होतं. खेळाडूचा पगार, घर, प्रवास, सगळं व्यवस्थेने उचललेलं होतं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो आधार गेला. कीवच्या क्लबाला १९८८ नंतर युरोपचा तो किताब पुन्हा मिळाला नाही.

आता हायपो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या दक्षिणेला, झ्यूडश्टाट या वसाहतीत गुन्नार प्रोकोप आणि लीझे प्रोकोप या जोडप्याने हा क्लब उभा केला. लीझे या १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉनचं, म्हणजे पाच मैदानी प्रकार मिळून होणाऱ्या स्पर्धेचं, रौप्यपदक जिंकलेल्या खेळाडू. पुढे त्या राजकारणात गेल्या आणि ऑस्ट्रियाच्या गृहमंत्री झाल्या. म्हणजे राजकीय वजन होतं, शेजारी क्रीडा संकुल होतं आणि प्रांताची हायपो बँक प्रायोजक म्हणून पाठीशी होती. क्लबाचं नावच बँकेचं झालं. १९७७ पासून चाळीसहून अधिक वर्षं ऑस्ट्रियाचं विजेतेपद दुसऱ्या कुणाला मिळालंच नाही. १९८९ ते २००० या काळात युरोपची आठ विजेतेपदं आली.

या आठांमागचं कारण नीट समजून घ्या. पूर्व युरोपातल्या राजवटी कोसळल्या तेव्हा तिथल्या उत्तम खेळाडू बाहेर पडत होत्या आणि हायपोकडे त्यांना द्यायला पैसे होते. युगोस्लाव्हियाची यास्ना कोलार-मेर्दान त्याआधीच आली होती, नंतर लिथुआनियाची आउश्रा फ्रिद्रिकास आली. त्यांना ऑस्ट्रियाचं नागरिकत्व मिळालं आणि १९९९ च्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रियाने कांस्यपदक मिळवलं. फ्रिद्रिकास त्या वर्षाची जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. सगळं झळाळून निघालं. पण देशात बाकीचे क्लब वाढलेच नाहीत, मुलींची पुढची फळी जाड झाली नाही. २००० च्या सिडनीनंतर ऑस्ट्रियाचा महिला संघ ऑलिम्पिकला पात्र ठरलेला नाही. माझ्या मते हे एकाच क्लबाच्या चार दशकांच्या मक्तेदारीचं फळ आहे. चुरस नसली की चांगल्या मुलीलाही सुधारायचं कारण उरत नाही. २००९ मध्ये फ्रान्सच्या मेत्झ क्लबाविरुद्ध शेवटच्या क्षणी प्रशिक्षक प्रोकोप स्वतः मैदानात घुसून प्रतिस्पर्धी मुलीला आडवे गेले. त्यांच्यावर बंदी आली, मोठा दंड झाला आणि त्यांना पद सोडावं लागलं. क्लब एका माणसाच्या मुठीत राहिला की असा दिवस येतो.

तरीही हायपोच्या उत्तरार्धातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. २०११ च्या सुमारास ब्राझीलच्या महासंघाने त्यांच्याशी करार केला. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातल्या बऱ्याच मुली हायपोकडे एकत्र राहून, वर्षभर एकत्र खेळू लागल्या. आलेशांद्रा दो नासिमेंतो तर आधीपासूनच तिथे होती. २०१३ मध्ये बेलग्रेडला यजमान सर्बियाला हरवून ब्राझील जगज्जेता झाला. लॅटिन अमेरिकेतल्या कुठल्याही देशाला तोवर हे जमलं नव्हतं. स्पर्धेच्या आधी पंधरा दिवसांचं शिबिर लावून संघ बनत नाही, हे यातून घ्या. शालेय स्पर्धांच्या तोंडावर ऑगस्टमध्ये गोलपोस्ट बाहेर काढणारे आपण सगळे त्यात आलो.

नॉर्वेचं उदाहरण ताजं आहे. क्रिस्तियनसांडचा वायपर्स क्लब २०२१, २०२२ आणि २०२३ असा सलग तीनदा युरोपचा विजेता झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. जमा-खर्चाचा मेळ बसला नाही. पण त्याच नॉर्वेत गावोगावचे छोटे क्लब दशकानुदशकं चालू आहेत. पालक श्रमदान करतात, सामन्याच्या दिवशी घरून करून आणलेले पदार्थ विकून चेंडूंचे पैसे उभे करतात, एका वयोगटातल्या मुली खालच्या वयोगटाला शिकवतात. नॉर्वेच्या महिलांनी २००८, २०१२ आणि २०२४ ची ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली ती या पायावर.

आपल्या देशातलं उदाहरणही आहे आणि ते तुम्ही स्वतः जाऊन बघावं असं मी सुचवेन. हिमाचल प्रदेशात बिलासपूर जिल्ह्यात मोरसिंघी नावाचं गाव आहे. स्नेहलता या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि शिक्षिका, आणि त्यांचे पती सचिन चौधरी यांनी तिथे स्वतःच्या जागेवर मुलींची हँडबॉल नर्सरी सुरू केली. मुली तिथेच राहतात, शिकतात आणि खेळतात. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीला भारताच्या ज्युनिअर मुलींनी आशियाई विजेतेपद मिळवलं, त्या संघात या गावच्या मुली होत्या. डोंगरातलं गाव, हॉल नाही, पाठीशी बँक नाही. मुलीला राहायला जागा, शाळा आणि रोज समोर उभी राहणारी एक बाई, एवढ्यावर हे झालं.

मग आपलं काय? सर, कोल्हापूरला क्लब चालवायची अक्कल बाहेरून आणायची गरज नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, या फुटबॉल संघांची नावं शाहू स्टेडियमवर पिढ्यानपिढ्या घुमतात. त्या संघांमागे तालीम असते, पेठ असते, वर्गणी असते. सामना हरला तरी पोरं दुसऱ्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर येतात, जुने खेळाडू नव्यांना शिव्या घालतात आणि बूटही घेऊन देतात. तीस वर्षांचा खेळाडू संघात नसला तरी तालमीचा असतोच. मुलींना असा कट्टा मिळालेला नाही. कुस्तीने, नेमबाजीने आपल्या मुलींना नाव दिलं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याच मातीतल्या. पण सांघिक खेळातली मुलगी शाळेचा दाखला हातात पडला की बेघर होते. तुमच्या क्लबाने पहिल्यांदा हे घर द्यायचं आहे. पदकांचं नंतर बघू.

आता बारावीनंतर तुमच्या मुली नेमक्या कुठे जातात ते लिहून काढा. माझ्या पाहण्यात त्यांचे तीन रस्ते आहेत: कोल्हापुरात कॉलेज किंवा नर्सिंग, पोलीस भरतीची तयारी, नाहीतर लग्न. क्लबाचं वेळापत्रक या तिघींना धरून बसवा. कॉलेजच्या मुलीला शेवटची एसटी चुकवून चालत नाही, म्हणून संध्याकाळी साडेसहाला सराव ठेवलात तर कागल-मुरगूडकडच्या मुली महिनाभरात गळतील. पहाटेचा सरावही बाहेरगावच्या मुलींना जमत नाही. आठवड्यात दोन दिवस दुपारी चार ते साडेपाच, आणि रविवारी सकाळी सगळ्या एकत्र, ही रचना मला सगळ्यांत टिकाऊ वाटली आहे.

भरतीवाल्या मुलींकडे विशेष लक्ष द्या, कारण त्यांना तुम्ही सर्वांत जास्त देऊ शकता. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. हँडबॉलमध्ये स्फोटक धावणं आहे, खांदा-मनगटाची ताकद आहे, साठ मिनिटांचा दम आहे. सरावाच्या सुरुवातीची चाळीस मिनिटं भरतीच्या अंगाने आखली तर ती मुलगी अकादमीची फी न भरता तुमच्याकडे येईल आणि घरचेही अडवणार नाहीत. शिवाय शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण कुठल्या दर्जाच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठल्या पदाला चालतं हे शासन निर्णयात ठरलेलं असतं आणि क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे पडताळणी होते. म्हणून कुठल्याही स्पर्धेची फी भरण्याआधी ती मान्यताप्राप्त संघटनेची आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्या. चकचकीत प्रमाणपत्र हातात आणि पडताळणीत बाद, अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्यांची दोन-दोन वर्षं वाया जातात.

लग्न झालेल्या मुलींसाठी जागा आधीपासून करून ठेवा. हँडबॉलला दोन पंच लागतात, टेबलावर वेळाधिकारी आणि गुणलेखक लागतो. जिल्ह्यात महिला पंच शोधून सापडत नाहीत. जुन्या खेळाडूंना पंच परीक्षेला बसवा. ज्या मुली इचलकरंजी, गडहिंग्लज, निपाणीकडे दिल्या आहेत त्यांच्यासाठी वर्षातून दोन रविवार आजी-माजींचा सामना ठेवा, लेकरांसकट बोलवा. तिशीतली एखादी डावखुरी उजव्या विंगला परत उभी राहिली तर तुमच्या सतरा वर्षांच्या मुली तिच्याकडून जे शिकतील ते मी किंवा तुम्ही शिकवू शकत नाही.

पैशांबाबत हायपो आणि वायपर्स दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीवाल्याने जर्सी दिली तर आनंदाने घ्या, पण वर्षाचा सगळा खर्च एकाच्या खिशावर टाकू नका आणि क्लबाला त्याचं नाव देऊ नका. खेळाला मदत करणं कंपनी कायद्यातल्या सामाजिक दायित्वाच्या यादीत बसतं, मात्र त्यासाठी संस्था नोंदलेली आणि हिशेब तपासलेले लागतात. गावातल्या शंभर घरांची छोटी वर्गणी मला जास्त भरवशाची वाटते, कारण वर्गणी देणारा सामना बघायला येतो. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, काम धर्मादाय आयुक्त कार्यालयात होतं. एखादा अनुभवी लेखापाल धरा. सातांत निदान चार बायका असू द्या, आणि त्यांतली एक मुलींच्या तक्रारी ऐकणारी, प्रशिक्षकाच्या नात्यातली नसलेली. प्रवासात मुलींसोबत बाई असल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम पहिल्या दिवशी लिहा.

मैदानाचं गणित अवघड आहे. हँडबॉलला ४० बाय २० मीटर लागतात. बास्केटबॉलचं मैदान २८ बाय १५ असतं, त्यावर पूर्ण हँडबॉल बसत नाही. आणि आपला पावसाळा जून ते सप्टेंबर, ऐन शालेय स्पर्धांच्या आधी, उघडं मैदान चिखल करून टाकतो. त्या चार महिन्यांत शाळेचा पत्र्याचा सभामंडप किंवा मंगल कार्यालय मिळवा आणि साधारण २० बाय १३ मीटरमध्ये पाचजणींचा छोटा खेळ घ्या. पास आणि गोलकीपरच्या हालचाली तिथे उलट जास्त सुधारतात. युरोपात चेंडूला चिकट राळेचा लेप लावतात. आपल्या मुरमाच्या मैदानावर तो लावला तर चेंडूवर माती बसते, त्या नादाला लागू नका. लहान मुलींना एक नंबरचा चेंडू द्या, परिघ ५० ते ५२ सेंटीमीटर. मोठ्यांना दोन नंबर, ५४ ते ५६. मोठा चेंडू घेऊन दिला की लहान मुलगी मनगटाऐवजी खांद्याने फेकायला लागते आणि खांदा दुखवून बसते.

गुडघ्यांबद्दल मी हात जोडून सांगते. उडी मारून फेकल्यावर एका पायावर उतरणं, धावताना एकदम दिशा बदलणं, यात गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) तुटतो आणि मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. एका शस्त्रक्रियेचा खर्च आपल्या शेतकरी घराला झेपत नाही आणि मुलीचा खेळ तिथेच संपतो. नॉर्वेत १२० क्लबांतल्या १,८३७ खेळाडूंवर एक अभ्यास झाला, २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं उतरण्याचे, तोल सांभाळण्याचे आणि मांडीच्या ताकदीचे व्यायाम करणाऱ्या गटात गुडघा आणि घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. याला खर्च काहीच नाही. उतरताना गुडघा आत वळू द्यायचा नाही, तो पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा, दोन्ही पायांवर आणि गुडघे वाकवून उतरायचं. उशीर झाला तर सामना छोटा करा, हे व्यायाम कापू नका.

कपड्यांची शंका पालक काढतीलच. २०२१ मध्ये युरोपीय स्पर्धेत नॉर्वेच्या बीच हँडबॉलच्या महिलांनी बिकिनीऐवजी आखूड पँट घातली म्हणून त्यांना १,५०० युरो दंड झाला होता. जगभर संताप झाला आणि नियम बदलला. तो नियम वाळूवरच्या खेळाचा होता. आपल्या खेळात मुली टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून सराव करू शकतात.

गोलपोस्टसाठी कोल्हापुरात महागडा सेट मागवू नका. उद्यमनगरमधला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर तो बनवून देईल: आतून ३ मीटर रुंद, २ मीटर उंच, चौकोनी ८ सेंटीमीटरचा पाइप, दोन विरोधी रंगांचे पट्टे आणि मागे जाळीसाठी आधार. त्याला बनवायला सांगतानाच जमिनीत बोल्टने घट्ट बसवायची पायपट्टी मागून घ्या. सुटा लोखंडी गोलपोस्ट पोरं लोंबकळली की पुढे कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. सराव संपल्यावर तो कुलूप-साखळीने भिंतीला बांधायचं काम कुणाचं, हे रोजच्या हजेरीच्या वहीत नावानिशी लिहा.